फायनल बीडीएस, सायकल आणि उजव्या हाताची दोन बोटं

बीडीएसच्या, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीच्या, शेवटच्या वर्षाला आठ विषय असतात. ओरल मेडिसिन, ओरल सर्जरी, पेरिओ (हिरड्या), ऑर्थो (वेडेवाकडे दात), पेडो (लहान मुलांचे दात), प्रोस्थो (कवळ्या), कॉन्झर्व्हेटिव्ह (फिलिंग) आणि पब्लिक हेल्थ. थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं, आणि दोन्हीत स्वतंत्रपणे ५० टक्के हवेत. थिअरीत कितीही मार्क पडले आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी पेशंटनं दांडी मारली, तर त्या मार्कांचं काय लोणचं घालायचं? हे सगळं ठाऊक असूनही मी नेमकं त्याच वर्षी सुपर रांडोनर व्हायचं ठरवलं. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "ते काय असतं ते नंतर सांग, आधी पोळ्या लाट."

तर ते असं असतं. बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड्स असतात. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, वेळेत आलात की झालं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. चारही अंतरं एकाच हंगामात पूर्ण केली की तुम्ही सुपर रांडोनर, आमच्या भाषेत 'एसआर'. हंगाम नोव्हेंबर ते पुढचा ऑक्टोबर. हातात एक कार्ड देतात, वाटेतल्या कंट्रोलवर, म्हणजे ठरवून दिलेल्या ठिकाणी, त्यावर शिक्का आणि वेळ टाकून घ्यायची. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, रात्री चमकणारं जॅकेट सक्तीचं. पंक्चर झालं तर आपलं आपण काढायचं, मागून घरच्यांची गाडी आणायची नाही. हे सगळं फ्रान्समधून आलेलं आहे. नोंदही तिथल्या ऑडॅक्स क्लब पारिसियाँकडे जाते. १८९१ साली सुरू झालेली आणि आता दर चार वर्षांनी होणारी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १२०० किलोमीटरची राइड म्हणजे या मंडळींचं पंढरपूर.

नाशकात हे वेड काही नवं नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली रेस अॅक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचं साधारण ४८०० किलोमीटरचं अंतर, दोघांच्या टीमनं नऊ दिवसांच्या आत पार केलं तेव्हा मी शाळेत होते. त्यातले महेंद्र महाजन दंतवैद्य. ही माहिती मी आईला येता-जाता ऐकवायचे. तिचं उत्तर ठरलेलं, "ते आधी डॉक्टर झाले, मग गेले."

बाबा एसटीत ड्रायव्हर. त्यांनी वाद घातला नाही, फक्त रूट विचारला. नाशिक-धुळे हायवे म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला, कारण तो रस्ता त्यांना घरच्या जिन्यासारखा पाठ. राहुडचा घाट जाताना उतार, येताना चढ. मालेगावच्या पुढे वारा आडवा लागतो. "ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो," त्यांनी सांगितलं, "कांद्याची असो, द्राक्षाची असो. पुढचा अंधार जरा जास्तच काळा दिसला की समजायचं ट्रॉली आहे."

सगळ्यांना उत्सुकता असते ती वेळेची. एवढा अभ्यास, क्लिनिक, वर सायकल, मग वेळ कुठून काढतेस? माझ्या अनुभवात वेळेचं गणित सगळ्यात सोपं निघालं. सकाळी नऊ ते चार कॉलेज, त्याला इलाज नाही. कॉलेजला जाणं-येणं सायकलवरच, म्हणजे तेवढा सराव आपोआप. आठवड्यातून दोनदा पहाटे पाचला उठून गंगापूर धरणाच्या रस्त्यानं तास-दीड तास. रविवारी लांब राइड, त्र्यंबक नाहीतर वणीकडे. संध्याकाळी सात ते साडेदहा अभ्यास आणि मग सरळ झोप. यातून जे कापलं गेलं ते बहुतेक मोबाइलमधलं होतं. नातेवाईकांत मात्र नाव खराब झालं. मावसबहिणीच्या साखरपुड्याला गेले, हळदीला नाही, आणि लग्नात अक्षता पडून गेल्यावर थेट पंगतीला पोचले. मावशी अजून बोलून दाखवते.

घरातली कामं सुटली नाहीत आणि सुटावीत असं मला वाटतही नव्हतं. भाऊ बारावीला होता, म्हणजे घरात दोन परीक्षार्थी आणि एकच टेबल. आई म्हणायची, या घराला कशाकशाचा वास येतो. माझ्या हातांना युजेनॉलचा, म्हणजे लवंगेच्या तेलाचा, अॅप्रनला अॅक्रिलिकच्या लिक्विडचा, आणि बाल्कनीत वाळत घातलेल्या सायकलच्या कपड्यांना कशाचा ते तिनं कधी सांगितलं नाही.

नोव्हेंबरातली २०० ची राइड मजेत झाली. मालेगावपर्यंत जाऊन परत, ऊन बेताचं, संध्याकाळी वेळेच्या बरंच आधी घरी. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. खरी भानगड डिसेंबरात झाली, ३०० नंतर.

निफाडकडची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना डिसेंबरातल्या पहाटेचं वर्णन नको. ओझर-पिंपळगावपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा, त्यातून येणारा गारठा, आणि बोटं ब्रेकवर आखडलेली. धुळ्याच्या अलीकडून वळले. परतीला राहुड चढताना उजवी करंगळी बधीर झाली. थंडीनं असेल म्हणून हात झटकला. चांदवडला रेणुकामातेच्या देवळाजवळ थांबून चहाचा ग्लास धरला तर करंगळी आणि तिच्या शेजारची अनामिका, दोन्हींना ग्लास गरम आहे हे कळेना. राइड वेळेत संपली. दुसऱ्या दिवशी झोपून उठले तरी मुंग्या होत्याच. नीट तपासलं तर करंगळी पूर्ण आणि अनामिकेचा फक्त करंगळीकडचा अर्धा भाग. मधोमध रेघ मारावी तसा. अनामिकेच्या एका बाजूला सुईचं टोक टोचतंय, दुसऱ्या बाजूला काही नाही. पहिल्या वर्षी अॅनाटॉमीत अल्नर नर्व्हची हीच आकृती काढून मी मार्क मिळवले होते. आता ती माझ्याच हातावर कुणीतरी काढून ठेवली होती.

ही नस मनगटातून तळहातात येते तिथं, करंगळीच्या बाजूला, एका अरुंद बोगद्यातून जाते. त्याला गियॉनचा कॅनल म्हणतात. सायकलचा हँडलबार नेमका तिथं दाबतो. तासन् तास वजन तिथंच, रस्त्याचा प्रत्येक धक्का तिथंच. सायकलवाल्यांमध्ये हे इतकं सर्रास होतं की त्याला हँडलबार पाल्सी असं नावच पडलेलं आहे. बहुतेकांचं आपोआप बरं होतं. बँकेत किंवा कंपनीत काम करणारा रायडर चार दिवस टायपिंगला कुरकुरतो आणि विसरून जातो.

दातांच्या डॉक्टरला ते विसरता येत नाही, कारण त्याचं सगळं काम अनामिकेवर टेकलेलं असतं. पेरिओत पहिल्या दिवशीच शिकवतात. दातावरचा खडा काढायचं हत्यार, म्हणजे स्केलर, पेनासारखं धरायचं, आणि अनामिका शेजारच्या दातावर टेकवायची. याला फिंगर रेस्ट म्हणतात. पेशंट दचकला, खोकला, मान हलली, तरी टेकलेल्या बोटामुळे आपला हात त्याच्या जबड्याबरोबरच हलतो आणि हत्यार हिरडीत घुसत नाही. शिवाय दातावरचा खडा निघाला की नाही हे डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळतं. सोमवारी माझ्या खुर्चीत पेशंट बसला होता आणि माझी अनामिका दातावर आहे की ओठावर, हे मला आरशात बघून ठरवावं लागत होतं.

मी हत्यार ट्रेमध्ये ठेवलं आणि मॅडमना जाऊन सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी केसपेपरचा एक कपटा फाडला, माझ्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरायला लावला आणि ओढला. "सोडू नकोस." मी सोडला नाही. अंगठ्याचं पेर वाकतंय का ते त्यांनी निरखून पाहिलं. ही फ्रोमेंटची टेस्ट. पेर वाकलं असतं तर नुसती संवेदना नाही, ताकदही गेली असं समजायचं. वाकलं नाही. मॅडम म्हणाल्या, "स्नायू ठीक आहेत. संवेदना येईल परत, पण ती येईपर्यंत तू पेशंटच्या तोंडात हात घालायचा नाहीस. आणि कोटा भरायचा राहील म्हणून माझ्यासमोर रडायचं नाही."

कोटा म्हणजे प्रत्येक डिपार्टमेंटला ठरावीक केसेस पूर्ण कराव्या लागतात. एवढे दात काढलेले, एवढ्या फिलिंग, एवढं स्केलिंग. तो भरला नाही तर परीक्षेला बसायचीच पंचाईत. पुढचे काही आठवडे मी पेरिओत दुसऱ्यांना असिस्ट केलं, ओरल मेडिसिनमध्ये हिस्ट्री घेतल्या आणि ऑर्थोच्या लॅबमध्ये वायर वाकवत बसले. ०.७ मिलिमीटरच्या वायरचा अॅडम्स क्लास्प, म्हणजे दाढेला पकडणारी तारेची कडी, करताना पक्कड तळहातात जिथं टेकते, नेमकी तीच जागा दुखरी. पण तिथं चुकलं तर फक्त वायर वाया जाते, कुणाची हिरडी फाटत नाही.

सायकलवर उपाय साधेच निघाले, आणि ते आधी कुणी सांगितले नव्हते याचा मला अजून राग येतो. सायकल घेतली त्या दुकानात सॅडलचं नाक किंचित खाली झुकवून दिलं होतं, 'लेडीज कम्फर्ट' म्हणून. त्यामुळे अंग पुढे घसरायचं आणि सगळा भार हातांवर. सॅडल सपाट केलं, हँडल दोन स्पेसरनी वर घेतलं, दुहेरी टेप गुंडाळली, तळहाताला जेल असलेले ग्लोव्हज आणले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हाताची जागा सतत बदलायची. वर, बाजूला, खाली. हे विसरू नये म्हणून मी एक युक्ती काढली. दर इंडेक्सला हात बदलायचा.

पब्लिक हेल्थ हा विषय शिकलेल्यांना कळलं असेल. इतरांसाठी सांगते. लोकांच्या तोंडाचं आरोग्य मोजायचे ढीगभर इंडेक्स आहेत, आणि ते कुणी, कोणत्या साली काढले हे व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारतातच. डीएमएफटी, क्लाइन, पामर आणि नुटसन, १९३८. पेरिओडाँटल इंडेक्स, रसेल, १९५६. ओएचआय-एस, ग्रीन आणि व्हर्मिलियन, १९६४. आणि मुलांना रडवणारी जोडी, जिंजायव्हल इंडेक्स, लो आणि सिलनेस, १९६३, पण प्लाक इंडेक्स, सिलनेस आणि लो, १९६४. तीच दोन माणसं, नावं उलटी, साल एक पुढे. परीक्षकांना ही जोडी फार प्रिय. मी हे सगळं रस्त्यावर मोठ्यानं म्हणत जायचे. हेडफोन घालून हायवेवर सायकल चालवणं मला मूर्खपणाचं वाटतं, त्यामुळे रेकॉर्ड केलेल्या नोट्स फक्त घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर. रस्त्यावर स्वतःचाच आवाज. चढाला "लो आणि सिलनेस", उताराला "सिलनेस आणि लो". बाजूनं जाणारे बाइकवाले वळून बघायचे.

जानेवारीत ४०० होती. शनिवारी सकाळी सहाला सुटायचं, रविवारी सकाळी नऊच्या आत यायचं. आई आदल्या रात्री जेवली नाही. बाबांनी मला अंगणात बोलावून एवढंच सांगितलं, "झोप येते तेव्हा माणसाला कळत नाही की झोप येतेय. रात्रीच्या गाडीला आम्ही काय बघतो, गाणं म्हणणारा ड्रायव्हर मध्येच गप्प झाला की कंडक्टरनं त्याला चहाला उतरवायचं."

धुळं ओलांडलं, सोनगीरच्या पुढे जाऊन वळले, रात्री धुळ्यात जेवले. लळिंगच्या घाटात चढताना ठीक होतं, चढ माणसाला जागं ठेवतो. झोडग्याच्या आसपास, सपाट रस्त्यावर, पहाटेच्या सुमाराला, मला अचानक जाणवलं की आजूबाजूला फार शांत आहे. ट्रक जात होतेच. शांत होते ती मी. रसेलपर्यंत आले होते आणि पुढचं म्हणायचंच राहिलं होतं, किती वेळ ते माहीत नाही. पुढच्याच पेट्रोल पंपावर वळले, माणसाला विचारून खुर्ची घेतली, मोबाइलला वीस मिनिटांचा गजर लावला आणि हेल्मेट डोक्यावर ठेवूनच झोपले. उठल्यावर ग्रीन-व्हर्मिलियनपासून पुढे सुरू. वेळेत पोचले. बोटं या वेळी जाग्यावर होती.

पण झोपेचा हिशेब तिथं संपत नाही, ही गोष्ट मला ४०० नं नीट शिकवली. शरीर दोन दिवसांत सावरतं. डोकं सावरलंय असं वाटतं, तेवढंच. सोमवारी ओरल सर्जरीची पोस्टिंग होती. खालच्या जबड्याची भूल देताना सुई दोन-अडीच सेंटिमीटर आत जाते, हाडाला टेकल्याचं जाणवलं की किंचित मागे घ्यायची, सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना बघायचं, मग औषध हळूहळू सोडायचं. यातली एक पायरी गळाली तर? मी पोस्टिंग मैत्रिणीशी बदलून घेतली आणि दिवसभर प्रोस्थो लॅबमध्ये दात लावत बसले. मेणात चुकीचा लागलेला दात पुन्हा काढता येतो. तेव्हापासून नियमच केला. रात्रीची राइड झाली की पुढच्या दिवशी सुई हातात घ्यायची नाही. आमच्या बॅचमध्ये रात्रभर जागून वाचणारी मुलं सकाळी तोच हात घेऊन पेशंटच्या तोंडात जातात आणि त्याचं कौतुक होतं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता तर मुळीच पटत नाही.

आता दातांबद्दल, कारण या खेळात दातांचं काय होतं हे सांगितलं नाही तर मी कसली दातांची डॉक्टर. लांब राइडला तासाला काहीतरी गोड पोटात जावं लागतं. एनर्जी जेल, स्पोर्ट्स ड्रिंक, राजगिऱ्याची चिक्की, खजूर. तोंडाचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दातावरचं इनॅमल विरघळायला लागतं. बहुतेक स्पोर्ट्स ड्रिंक्स त्याहून बरीच आंबट असतात. नेहमी लाळ हे सगळं सावरून घेते, पण चढाला तोंडानं श्वास घेऊन लाळच आटलेली. दर दहा मिनिटांनी एक घोट, असं २० तास. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ३०२ खेळाडूंचे दात तपासले होते. त्यातल्या ५५ टक्के खेळाडूंचे दात किडलेले निघाले. जगातली सगळ्यात तंदुरुस्त माणसं ही!

मी जेल जवळपास बंद केली. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी, आईचे गूळ-शेंगदाण्याचे लाडू. लाडूही चिकटतातच, पण खाऊन लगेच साध्या पाण्याची चूळ भरली की बरंच निभावतं. एका बाटलीत ड्रिंक, दुसरीत नुसतं पाणी, घोट आलटूनपालटून. आणि घरी आल्या आल्या ब्रश करायचा नाही. आम्लानं मऊ झालेलं इनॅमल ब्रशनं झिजतं. चूळ भरायची, अर्धा-पाऊण तास थांबायचं, मग फ्लोराइडची पेस्ट.

हे ज्ञान मी सायकलच्या ग्रुपमध्ये इतकं वाटलं की एका रविवारी त्र्यंबकच्या रस्त्यावर, मिसळ खाऊन झाल्यावर, पाच-सहा जणांनी रांगेनं तोंडं उघडून दाखवली. त्यातल्या एका काकांच्या दाढेत नमुनेदार क्लास टू, म्हणजे शेजारच्या दाताकडच्या बाजूची, कीड होती. मला आनंद लपवता आला नाही. काका घाबरले. परीक्षेला अशीच केस लागते हो, आणि विद्यार्थी ती शोधत गावभर फिरत असतात! काकांची दाढ मी परीक्षेसाठी आधीच राखून ठेवली असती, पण तोवर कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडली असती. म्हणून ती लगेच भरली, कोट्यात धरली, आणि परीक्षेसाठी स्केलिंगला त्यांच्याच बायकोला बोलावलं.

पेशंट सांभाळणं हा अभ्यासक्रमात न छापलेला नववा विषय. माझे प्रोस्थोचे आजोबा सिन्नरकडचे. तोंडात एकही दात नाही, भाकरी दुधात कुस्करून खायची, आणि भाजलेले शेंगदाणे खायची प्रचंड इच्छा. पूर्ण कवळीला पाच-सहा खेपा होतात. पहिलं माप, मग खास ट्रे, मग त्याच्या कडा ग्रीन स्टिकनं, म्हणजे गरम केल्यावर मऊ होणाऱ्या कांडीनं, गालाच्या हालचालीप्रमाणे घडवायच्या, शेवटचं माप, मग मेणाचे कठडे लावून जबडे एकमेकांशी कसे बसतात ते नोंदवायचं, मग मेणात दात लावून बघायचे, आणि मग कुठे कवळी. प्रत्येक खेपेला आजोबांचा फोन यायचा, आणि तो नेमका मी सायकलवर असताना. "डॉक्टरीण बाई, उद्या येऊ का परवा? उद्या कांदा काढायचाय." मी रस्त्याच्या कडेला उभी, धापा टाकत, "आजोबा, उद्याच या हो, कांदा परवा काढा." "तुम्ही पळताय का कुठं?" "सायकलवर आहे." "मग आधी खाली उतरा. घाई काय."

थिअरीचे पेपर भर उन्हाळ्यात आले. दोन पेपरांमध्ये असलेली सुट्टी पुरते असं फक्त पालकांना वाटतं. या काळात सायकल कितपत चालवायची यावर ग्रुपमध्ये मतं पडली. कुणी म्हणालं पूर्ण बंद कर, कुणी म्हणालं आता सोडलंस तर केलेलं पाण्यात. खरं त्याच्या मध्ये आहे. पल्ला बराच कमी केला तरी चालतो, थोडा वेळ का होईना जोर लावलात तर दम बराच टिकून राहतो. मी आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, बाल्कनीतल्या ट्रेनरवर पाऊण तास. त्यात मधूनमधून तीन-चार मिनिटं जीव खाऊन, बाकी संथ. समोर ऑर्थोच्या वहीतल्या आकृत्या. पाऊण तासात लक्षात राहायचं ते फारसं नाही, पण त्यानंतर दोन तास बूड खुर्चीला टिकायचं, आणि रात्री पडल्या पडल्या झोप लागायची. त्या दिवसांत आमच्या बॅचच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न "झोप येत नाहीये, काय करू" हा होता. भाऊसुद्धा एक दिवस ट्रेनरवर चढून बसला. उतरल्यावर म्हणाला, "फिजिक्स बरं."

प्रॅक्टिकलच्या दिवशी आजोबा पांढरी टोपी घालून सकाळी सातलाच हजर. मी त्यांच्यासाठी चहा आणायला गेले तेवढ्यात त्यांनी शेजारच्या खुर्चीतल्या पेशंटला माझी सगळी कुंडली सांगितली होती. बाहेरगावहून आलेले परीक्षक आमच्या खुर्चीपाशी आले, तर आजोबांनी तोंडातला मेणाचा कठडा काढून हातात घेतला आणि त्यांना सुनावलं, "साहेब, ही पोरगी सायकलवर धुळ्याला जाऊन येती." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. "फार छान. आता व्हर्टिकल डायमेन्शन कसं ठरवलंस ते सांग." मी सांगितलं. विश्रांतीच्या स्थितीतली चेहऱ्याची उंची, त्यातून दोन ते चार मिलिमीटर वजा, बोलून घेणं, गिळायला लावणं. सांगता सांगता माझा उजवा हात आजोबांच्या हनुवटीवर टेकलेला होता, अनामिकेसकट. कठडा परत तोंडात घालताना आजोबा पुटपुटले, "शेंगदाण्याचं विचार त्यांना."

पब्लिक हेल्थच्या व्हायवात लो आणि सिलनेस विचारले नाहीत. फ्लोराइडचे प्रश्न आले, सगळे.

निकाल लागला, आठही विषय सुटले, मार्क सांगण्यासारखे दोनच विषयांत. इंटर्नशिप सुरू झाली. हंगाम ऑक्टोबरपर्यंत असल्यामुळे ६०० साठी अजून जागा होती. ती सप्टेंबरात झाली, पावसात, चाळीस तासांतले बरेचसे तास ओल्या मोज्यांत. त्यावर रंगवून लिहिता येईल, पण ४०० च्या रात्रीत जे होतं तेच त्यातही होतं, फक्त दोनदा. कार्ड वेळेत जमा केलं. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि एका कंट्रोलच्या शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथं चहा चांगला नाही मिळत."

आजोबांना कवळी बसली. कवळी नवी असताना महिनाभर तरी शेंगदाणे खायचे नाहीत असं मी बजावून सांगितलं होतं. तपासणीला आले तेव्हा कवळीच्या फटीत शेंगदाण्याचं लाल टरफल अडकलेलं होतं.

आता इंटर्नशिप अर्धी होत आली आहे आणि एमडीएसच्या, म्हणजे पुढच्या शिक्षणाच्या, 'नीट' प्रवेशपरीक्षेचा क्लास लावलाय. तो रविवारी सकाळी असतो, म्हणजे ग्रुपची राइड बुडते. म्हणून लांब पल्ला शनिवारी दुपारी क्लिनिक सुटल्यावर काढते. परतायला अंधार होतो, आणि आईनं त्यावर एक अट घातली आहे की, ओझरला आणि पिंपळगावला पोचल्याचा फोन करायचा. ऑडॅक्सवाले शिक्क्यावर समाधान मानतात. आईला आवाज ऐकावा लागतो.